सर्व क्षेम

भाड्याच्या घरांत राहणाऱ्या मनुष्यास आपल्या अडगळीची खरी किंमत महिन्याच्या पहिल्या तारखेस कळते. स्वतःच्या वाड्यांत माळ्यावर काय पडलें आहे हें तीन तीन पिढ्या कोणी पाहत नाहीं. पण हात हात जागेचें भाडें मोजावें लागलें, म्हणजे मोडक्या पाळण्याकडे आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांकडे मनुष्य निराळ्याच दृष्टीनें पाहूं लागतो. आमच्यावर हा प्रसंग २०२३ सालच्या जानेवारींत आला. मात्र आमची अडगळ लांकडाची किंवा कागदाची नव्हती. ती अक्षरांची होती. आणि ज्या माळ्यावर ती पडली होती तो माळा आम्हीं कधीं डोळ्यांनीं पाहिलेलाहि नव्हता.

आमचा व्यवसाय थोडक्यांत सांगतों. पुण्यांत आमची एक लहानशी कचेरी आहे. आम्ही व आमचे चार सहकारी मिळून गांवोगांवच्या दूध-संकलन केंद्रांचा हिशेब ठेवणारी संगणकप्रणाली चालवितों. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घेऊन केंद्रावर येतो; तेथील यंत्र तें तोलतें, त्यांतील फॅट मोजतें, आणि तो आंकडा तत्काळ आमच्याकडे पाठवितें. त्या आंकड्यांवरून दर दहा दिवसांनीं शेतकऱ्याचें बिल निघतें. अशीं सुमारें पांचशें यंत्रें आम्हांस जोडलेलीं आहेत.

आतां प्रत्येक संगणकप्रणाली आपल्या कामाचा एक रोजनामा आपणच लिहीत असते. त्यास ‘लॉग’ म्हणतात. हा शब्द जहाजांवरून आला आहे. पूर्वीं गलबताचा वेग मोजण्यासाठीं लांकडाचा तुकडा दोरीस बांधून समुद्रांत सोडीत, आणि तो वेग ज्या वहींत टिपीत ती लॉगची वही. आमच्या वहींत कोणतें यंत्र किती वाजतां बोललें, काय म्हणालें, आणि आम्हीं त्यास काय उत्तर दिलें, हें सर्व ओळीमागून ओळ लिहिलें जातें. ही वही सहसा कोणी वाचीत नाहीं. कांहीं बिघडलें तरच ती उघडावयाची.

या ओळींत निम्म्याहून अधिक ओळी तर अशा कीं, त्यांत वाचण्यासारखें कांहींच नाहीं. प्रत्येक यंत्र दर पांच सेकंदांनीं ‘मी जागें आहें’ एवढेंच कळवितें, आणि सोबत आपला क्रमांक, वेळ, व आपण सुरू झाल्याला किती सेकंद लोटले हा आंकडा पाठवितें. धंद्यांत यास ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका, म्हणतात. एका यंत्राचे दिवसाकांठीं १७,२८० ठोके, आणि पांचशें यंत्रांचे मिळून ८६,४०,०००. दिवसाचा रोजनामा पांच गिगाबाइट भरे, त्यांतले तीन गिगाबाइट हे ठोकेच असत.

हा सर्व ढीग आम्ही क्लाउडमध्यें ठेवीत असूं. क्लाउड म्हणजे मेघ; पण या मेघाचा आकाशाशीं कांहीं संबंध नाहीं. मोठमोठ्या इमारतींत रांगेनें मांडलेलीं यंत्रें, आणि त्यांतील जागा भाड्यानें देणारी कंपनी, असा हा रोकडा व्यवहार आहे. १४ मार्च २००६ रोजीं ॲमेझॉन कंपनीनें ‘एस थ्री’ या नांवाचें असलें कोठार लोकांस खुलें केलें. पुढें इतर कंपन्यांनींहि तशीं कोठारें काढलीं, आणि २०१६ सालीं ॲमेझॉननें मुंबईंतहि आपलें ठाणें बसविलें. आमचें कोठार कोणाचें होतें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढें जी चूक सांगावयाची आहे ती सर्वस्वी आमची होती.

या कोठाराची रीत घरच्या कपाटाहून निराळी आहे. तेथें ठेवलेल्या प्रत्येक फायलीस ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात, आणि असे ऑब्जेक्ट ज्यांत टाकावयाचे तिला ‘बकेट’. एकदां बकेटींत पडलेल्या ऑब्जेक्टाच्या शेवटीं सामान्यतः एक ओळहि वाढवितां येत नाहीं. सबंध ऑब्जेक्ट नवा लिहून जुन्याच्या जागीं ठेवावा लागतो. म्हणून तेथें रोजनामा एका जाड वहीच्या रूपानें न राहतां हजारों मोहोरबंद लखोट्यांच्या रूपानें सांचत जातो. कोठारवाला लखोटे जपतो मोठ्या निष्ठेनें. ऑब्जेक्टांच्या टिकाऊपणाविषयीं एस थ्रीनें शेंकडा ९९.९९९९९९९९९ हा आंकडा पुढें ठेविला आहे. त्यांतील नव मोजले तर अकरा भरतात. पण कोठारवाला लखोटा फोडून पाहत नाहीं. आंतील मजकूर ऐसपैस लिहिला आहे कीं आटोपशीर, याच्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. वजन करावें आणि भाडें घ्यावें.

आम्हीं तीन वर्षें ओळी जशाच्या तशा सांचूं दिल्या. साडेपांच हजार गिगाबाइट झाले, आणि त्यांचें भाडें महिना अकरा हजार रुपयांवर गेलें. पांच माणसांच्या कचेरीस ही रक्कम लहान नव्हे. टाकून द्यावें, तर तीन वर्षांचा रोजनामा हिशेबतपासणीसाठीं ठेवण्याचा आमचा दूध-संस्थांशीं करार. शिवाय ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांप्रमाणें सर्व लॉग १८० दिवस, आणि तेहि भारतांतच, जपून ठेवणें भाग. तेव्हां ठेवणें तर आहेच. मग तें थोड्या जागेंत कसें ठेवावें हा प्रश्न उरला. आमच्या कचेरींतील सर्वांत तरुण सहकाऱ्यानें त्याचें उत्तर एका शब्दांत दिलें. ‘दाबा,’ तो म्हणाला. ‘जीझिप करून ठेवूं.’

दाबून ठेवणें, किंवा धंद्याच्या भाषेंत ‘कॉम्प्रेस’ करणें, हा प्रकार मराठी मनुष्यास नवा वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या लहानपणापर्यंत घरोघरचीं पत्रें ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांनीं सुरू होत. ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ असें सबंध लिहिण्याची गरज नसे. कारण लिहिणारा आणि वाचणारा या दोघांपाशीं एकच किल्ली असे. जें वारंवार यावयाचें तें आंखूड करावें, हें त्यांतलें तत्त्व. १९५२ सालीं डेव्हिड हफमन या अमेरिकन विद्यार्थ्यानें याच तत्त्वाचें गणित पक्कें बसविलें: जें चिन्ह अधिक वेळां येतें त्यास लहान खूण, आणि जें क्वचित् येतें त्यास मोठी.

दुसरी युक्ति आपल्या जुन्या मोडी दप्तरांत सांपडते. गांवाचें नांव एकदां लिहून झालें कीं पुढें कारकून ‘मौजे मजकूर’ म्हणून मोकळा होई, आणि सालाच्या जागीं ‘साल मजकूर’ लिही. म्हणजे, मागें पाहा, तेथें लिहिलें आहे. इस्रायलांतील अब्राहम लेंपेल व जेकब झिव या दोघां पंडितांनीं १९७७ सालीं जी पद्धति प्रसिद्ध केली तिच्यांत यंत्र हेंच करतें. पूर्वीं येऊन गेलेला मजकूर पुन्हां आला कीं तो न लिहितां, ‘इतकीं अक्षरें मागें जा आणि तेथून इतकीं अक्षरें उचल’ एवढीच खूण तें लिहून ठेवितें. या दोन युक्त्यांची सांगड घालून जाँ-लू गेली व मार्क ॲडलर यांनीं १९९२ सालीं जीझिप तयार केलें, आणि तें अद्याप सर्वत्र चालतें.

आम्हांस त्याचा एक गुण फार आवडला. दाबलेल्या फायलीच्या शेवटीं तें मूळ मजकुराची लांबी आणि त्याच्या प्रत्येक अक्षरावरून काढलेला एक पडताळ्याचा आंकडा लिहून ठेवितें. उलगडतांना तो आंकडा जुळला नाहीं तर तें स्वस्थ बसत नाहीं. फायलींत बिघाड आहे असें स्पष्ट सांगतें. म्हणजे हा संक्षेप नव्हे. संक्षेप करणारा विद्वान् असतो. त्याला महत्त्वाचें काय आणि बिनमहत्त्वाचें काय हें कळतें, आणि बिनमहत्त्वाचें तो गाळतो. जीझिपला यांतलें कांहींच कळत नाहीं. तें नुसती घडी घालतें, आणि मागाल तेव्हां एकहि सुरकुती न ठेवतां ती उलगडून देतें.

त्याची स्मृति मात्र आंखूड आहे. बत्तीस किलोबाइटांपलीकडचें मागचें त्यास दिसत नाहीं. पांचशें यंत्रांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असल्या म्हणजे एखाद्या यंत्राची मागची ओळ त्याच्या नजरेआड होते. म्हणून सहकाऱ्यानें दिवसाचे सर्व लखोटे एकत्र करून त्यांतील ओळी आधीं यंत्रवार लाविल्या आणि मग दाबिल्या. ठोक्यांचे तीन गिगाबाइट दाबून अवघे शंभर मेगाबाइट उरले, म्हणजे तिसावा हिस्सा. बाकीच्या ओळी सुमारें आठव्या हिश्शावर आल्या. तीन वर्षांचे ऑब्जेक्ट एकामागून एक बाहेर काढावे, दाबावे, परत ठेवावे, उलगडून मुळाशीं ताडून पाहावे, आणि मगच मूळ पुसावें, असा क्रम दोन महिने चालला. शेवटीं बिल अकरा हजारांवरून आठशेंच्या आंत आलें. त्या दिवशीं आम्हीं कचेरींत पेढे वांटले.

येथें थांबलों असतों तर हें लिहिण्याची वेळ आली नसती. पण काटकसरींत एक दोष आहे. ती यशस्वी झाली कीं तिचें व्यसन लागतें. आठशेंचे सहाशें होतील काय, असा विचार आमच्या मनांत येऊं लागला. आणि तो येतांच त्या ठोक्यांकडे आमची नजर गेली. क्लॉड शॅनन या गणितज्ञानें १९४८ सालीं माहितीचें माप कसें करावें तें दाखवून दिलें, हें आम्हीं वाचलेलें होतें. जें पुढें येणार हें आधींच ठाऊक असतें तें कळल्यानें ज्ञानांत भर पडत नाहीं. माहिती असते ती अनपेक्षितांत, असा त्याचा सारांश. ‘मी जागें आहें’ हें दिवसांतून शहाऐंशीं लाखांहून अधिक वेळां ऐकण्यांत कसली आली आहे माहिती? त्या ओळी दाबण्यापूर्वींच गाळाव्या, असें आम्हीं ठरविलें.

सहकाऱ्यास तें पटलें नाहीं. ‘सर, दाबल्यावर या ओळींचं वजन उरतंच किती? मग काढायच्या कशाला?’ तो म्हणाला.

‘अरे, प्रश्न वजनाचा नाही,’ आम्ही वडीलकीच्या सुरांत म्हणालों. ‘ज्या ओळीत काही सांगितलेलंच नाही ती जपायची कशासाठी?’

सरकारी निर्देशांतील ‘सर्व लॉग’ या शब्दांचाहि आम्हीं आमच्या सोयीनें अर्थ लाविला. ठोका हा लॉग नव्हेच, तो नुसता श्वास आहे, असें आम्हीं स्वतःस समजाविलें. १६ जून २०२३ पासून ठोके कोठारांत जाईनासे झाले. मागच्या तीन वर्षांचे ठोकेहि सवडीनें काढून टाकण्याचा बेत होता. पण ती सवड आम्हांस झाली नाहीं. आमच्या हातून त्या वर्षीं जें एक चांगलें घडलें तें आळसामुळें घडलें.

ऑक्टोबरांत एके दिवशीं दुपारीं एका गांवच्या दूध-संस्थेचे सचिव एस. टी.नें पुण्यास येऊन आमच्या कचेरींत दाखल झाले. पन्नाशी उलटलेले, अंगांत धुतलेला पांढरा सदरा, हातांत कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. गांवांत सर्वजण त्यांना अण्णा म्हणत, म्हणून आम्हीहि अण्णाच म्हणालों. चहा घेतल्यावर त्यांनीं पिशवींतून एक कागद काढला. त्यावर आठ तारखा होत्या. पहिल्या तीन जूनच्या पहिल्या पंधरवड्यांतल्या, पुढच्या पांच जूनअखेरीच्या व जुलैच्या. या आठ संध्याकाळीं केंद्रावरील यंत्रानें उशिरां आलेल्यांचें दूध तोललें नव्हतें. अण्णांनीं तें हातानें लिहून घेतलें होतें, आणि फॅट मागच्या दहा दिवसांच्या सरासरीनें धरली होती. ती कमी धरली, यंत्र मुद्दाम बंद ठेवून धरली, आणि त्यांत अण्णांचा कांहीं हेतु होता, असा अर्ज पंधरा-वीस उत्पादकांनीं संस्थेकडे केला होता.

‘साहेब, त्या सांजांना लाइट नव्हती,’ अण्णा म्हणाले. ‘मशीन आपोआप बंद पडलं. पण अकरा वर्षं सचिव आहे, तरी माझ्या शब्दाला आज कागद लागतो. तुमच्याकडं सगळं लिहिलेलं असतं म्हणतात. तेवढं लिहून द्या.’

‘सेकंदासेकंदाची नोंद आहे, अण्णा,’ आम्ही म्हणालों. ‘उद्या सकाळी कागद घेऊन जा.’

हें वाक्य आम्ही किती सहज बोलून गेलों! जुन्या फायली आम्ही नव्वद दिवसांनंतर स्वस्त भाड्याच्या थंड कोठारांत हलवीत असूं. तेथून त्या परत मागविल्या म्हणजे हातीं येण्यास बारा तासांपर्यंत वेळ लागतो. संध्याकाळीं मागणी नोंदविली. अण्णा हडपसरास आपल्या पाहुण्यांकडे मुक्कामास गेले. सकाळीं ते येण्याच्या आंतच आम्हीं पहिल्या तीन तारखांच्या फायली उलगडून पाहिल्या.

तेथें सर्व होतें. पहिल्या संध्याकाळीं अण्णांच्या यंत्राचे ठोके पांच पांच सेकंदांनीं येत होते. सात वाजून चार मिनिटांनीं ते थांबले, आणि आठ वाजून एकतीस मिनिटांनीं पुन्हां सुरू झाले. त्या पहिल्या ठोक्यासोबत, सुरू झाल्याला किती सेकंद झाले याचा आंकडा होता तीन. नुसता संपर्क तुटला असता तर हा आंकडा मागच्या हजारांवरून पुढें गेला असता. तो मुळापासून सुरू झाला, त्या अर्थीं यंत्राची वीजच गेली होती. पण वीज काय, हातानें बटण दाबूनहि जाते. म्हणून आम्हीं शेजारच्या दोन गांवांच्या ओळी काढल्या. तेथील यंत्रेंहि सात वाजून चार मिनिटांनींच गप्प झालीं होतीं. तीन गांवांचीं बटणें एका मिनिटांत बंद करणें एका मनुष्याच्या हातचें नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या तारखेची साक्षहि अशीच निघाली.

मग चौथी तारीख उघडली.

तींत तोलांच्या ओळी होत्या, बिलांच्या होत्या. पण ठोका एकहि नव्हता. सकाळचा नव्हता, दुपारचा नव्हता, कोणत्याच गांवचा नव्हता. यंत्र सात वाजतां बंद पडलें असेल, किंवा पडलें नसेल. आमच्या फायलीस दोन्ही सारखेंच. शेजारच्या गांवच्या तोलांवरून कांहीं कळेल म्हणून पाहिलें, तर तेथील संकलन त्या वेळेच्या आधींच आटोपत असे. पुढच्या चारी तारखांची तीच कथा. तरुण सहकारी आमच्या खुर्चीमागें उभा होता. ‘मी सांगितलं होतं’ असें तो म्हणाला नाहीं. म्हणाला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्या सकाळपर्यंत आम्हांस एक साधी गोष्ट समजलेली नव्हती. अखंड नोंदींत पडलेला खंड बोलतो. तो वेळ सांगतो, कारण सुचवितो, साक्ष देतो. पण नोंदच आम्हीं तोडून टाकली म्हणजे त्यांतला खंड मुका होतो. पहिल्या तीन संध्याकाळीं अण्णांना सोडविलें तें थांबलेल्या ठोक्यांनीं. पण ते थांबले हें आम्हांस कळलें, कारण त्याच्या आधींचे आणि नंतरचे हजारों निरर्थक ठोके जागच्या जागीं होते. शॅननच्या सिद्धान्ताचाहि आम्हीं विपरीत अर्थ केला होता. ठराविक गोष्टीस किंमत नाहीं असें तो सिद्धान्त म्हणत नाहीं. ठराविक गोष्ट जपण्यास फारसा खर्च येत नाहीं, एवढेंच तो म्हणतो. अक्षरांच्या हिशेबांत ज्या ओळी सर्वांत स्वस्त, त्याच आम्हीं महाग म्हणून टाकून दिल्या होत्या.

हा खर्च किती, तेंहि आम्हीं मागाहून मांडून पाहिलें. १६ जूनपासून त्या दिवसापर्यंत चार महिन्यांत टाकलेले सर्व ठोके दाबून ठेविले असते तर बारा गिगाबाइट झाले असते; आणि आमच्या कोठाराच्या दरानें त्यांचें भाडें झालें असतें महिना चोवीस रुपये.

अण्णा दहा वाजतां आले. आम्हीं त्यांना तीन संध्याकाळींचा कागद सही करून दिला, आणि उरलेल्या पांचांविषयीं खरें तें सांगितलें. त्यांस क्लाउड आणि जीझिप समजावून सांगण्याची आवश्यकता पडली नाहीं. ‘म्हणजे लिहिलं होतं, पण ठेवलं नाही,’ ते म्हणाले. आमच्या सर्व कृत्याचें याहून अचूक वर्णन आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं.

संस्थेच्या सभेस आम्ही स्वतः गेलों. तीन तारखांविषयीं कोणी शब्द काढला नाहीं. पांच तारखांविषयीं आम्हीं आमची चूक सभेपुढें मांडली आणि म्हणालों कीं, ज्या मनुष्याचें तीनदां खरें ठरलें त्याचें उरलेल्या पांच वेळांहि खरें मानावें. एक म्हातारे उत्पादक उठून म्हणाले, ‘साहेब, तुमची चूक तुम्ही कबूल केलीत, बरं केलंत. पण आमच्या दुधाचं काय?’ यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. वीज-कचेरीकडे अर्ज केला होता. त्याचें उत्तर शेवटपर्यंत आलें नाहीं. अखेर पुराव्याअभावीं प्रकरण बंद करावें असें ठरलें.

‘बंद म्हणजे सुटलो का, साहेब?’ बाहेर आल्यावर अण्णांनीं विचारलें.

दिवाळीनंतर त्यांनीं सचिवपद सोडलें. हल्लीं आपल्या दोन म्हशींचें दूध घेऊन ते त्याच केंद्रावर इतरांबरोबर रांगेंत उभे राहतात, असें ऐकतों.

सभेहून परत आल्यावर पुढच्या रविवारीं आम्हीं घरांतली एक जुनी पेटी उघडली. ती कां उघडली हें त्या वेळीं नीट सांगतां आलें नसतें. १९८० नंतरचीं कांहीं वर्षें आम्ही पुण्यास वसतिगृहांत शिकत होतों, आणि वडील दर आठवड्यास एक कार्ड टाकीत. ‘अ. उ. आ. वि. वि. येथील सर्व क्षेम. तुझें कुशल कळवीत जावें. विशेष कांहीं नाहीं.’ पुष्कळदां यापलीकडे कार्डांत एक अक्षर नसे. अशीं कार्डें आम्हीं वाचून टाकून दिलीं. ज्यांत कांहीं बातमी होती तेवढींच ठेविलीं. आज त्या पेटींत एकवीस कार्डें आहेत. आजीचें आजारपण, विहीर आटली तें वर्ष, धाकट्या बहिणीचें मोडलेलें लग्न, चुलत्यांचें जाणें. कोणा परक्यानें ती पेटी वाचली तर त्यास वाटावें कीं या घरांत एकामागून एक संकटांवांचून दुसरें कांहीं घडलेंच नाहीं. त्या संकटांच्या मधले ते शेंकडों सुखाचे आठवडे, वडील चौकटीच्या उजेडांत बसून न चुकतां ज्यांची पोंच देत होते, त्यांतला एकहि आम्हांपाशीं नाहीं. तीं सर्व कार्डें एकावर एक रचलीं असतीं तर बुटांच्या एका खोक्यांत मावलीं असतीं.

गाळण्याचा नियम आम्हीं सभेच्या आधींच काढून टाकला होता. आतां रोज मध्यरात्रीं आदल्या दिवसाचे सर्व लखोटे एकत्र येतात, ओळी यंत्रवार लागतात, दाबल्या जातात, आणि उलगडून ताडून पाहिल्यावर कोठारांत जातात. जीझिपच्या जागीं सहकाऱ्यानें ‘झेडस्टँडर्ड’ ही नवी पद्धति आणली आहे. यान कोले यांच्या हातून निघालेली ही पद्धति २०१६ सालीं फेसबुक कंपनीनें सर्वांस खुली केली. तिला मागचें पुष्कळ अधिक दिसतें, आणि ठोके तिच्या हातीं आणखी लहान होतात. महिन्याच्या बिलांत त्यांचे म्हणून जे थोडे रुपये पडतात ते आम्ही निमूटपणें भरतों. काय ठेवावें आणि काय टाकावें याविषयीं तरुण सहकाऱ्याचें मत आतां आम्ही आधीं विचारतों.

अण्णांच्या गांवच्या यंत्राचा क्रमांक आम्हांस पाठ झाला आहे. कधीं रात्रीं कचेरींत उशीर झाला, आणि बाकीचे निघून गेले, म्हणजे आम्ही त्याच्या ओळी पडद्यावर आणून थोडा वेळ पाहत बसतों. पांच सेकंद झाले, यंत्र जागें आहे. आणखी पांच सेकंद झाले, यंत्र जागें आहे. विशेष कांहीं नाहीं.